तीन हात रंग

घरात एखादी वस्तू रंगवायची निघाली की माझा हात शिवशिवू लागतो. दारांच्या चौकटी, खिडक्यांचे गज, तुळशीवृंदावन, पाण्याची टाकी, एवढेच काय, पण पाटावरवंट्याचा पाटसुद्धा एकदा माझ्या तडाख्यातून थोडक्यात बचावला. आमची सौभाग्यवती पाहुण्यांना सांगते, "आमचं घर विटांवर उभं नाही, यांच्या रंगावर उभं आहे." पाहुणे हसतात, मीही हसतो, आणि पाहुणे गेल्यावर कुठे पोपडा निघाला आहे का ते हळूच पाहून घेतो.

हा वारसा वडिलांचा. धुळ्याला आग्रा रोडपासून आत एका गल्लीत अण्णांचे पाट्या रंगवण्याचे दुकान होते. गल्लीला नाव नव्हते, नंबर होता. धुळ्यात पत्ता सांगायची ती जुनीच रीत आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकांच्या फळ्या, निवडणुकीच्या दिवसांत भिंती, असे काम वर्षभर चाले. ट्रकवाल्यांशी ते अहिराणीत बोलत, वकिलांशी शुद्ध मराठीत, आणि रंगाच्या डब्याशी मनातल्या मनात. त्यांचा एक नियम ठरलेला होता. अस्तर मारल्यावर रंगाचे तीन हात द्यायचे. "पहिला हात खानदेशचं ऊन खातं," ते म्हणत, "दुसरा पाऊस खातो. तिसरा गिऱ्हाइकाला उरतो."

मी पुढे बँकेत कारकून झालो, जळगावला आलो, घर बांधले आणि निवृत्त झालो. अण्णांचे दुकान गेले. माझ्याकडे त्यांचे दोन कुंचले आणि तो तीन हातांचा नियम एवढेच उरले. नियम मी अर्धाच शिकलो होतो, हे कळायला मला साठी ओलांडावी लागली. त्याचीच ही हकीकत.

आमचा मुलगा बारावी झाला तेव्हा एकदा जेवताना म्हणाला होता, "बाबा, वैमानिकाचं शिक्षण घेऊ का?" मी फीचा आकडा विचारला. त्याने सांगितला. मी बँकेतला माणूस, आमटीचा भुरका घेता घेता मी त्या आकड्यावर व्याज मोजले आणि म्हणालो, "बघू." मध्यमवर्गीय घरात बापाच्या 'बघू'चा अर्थ मुलांना शब्दकोशाशिवाय कळतो. त्याने पुन्हा विषय काढला नाही. मुकाट्याने पुण्याला जाऊन इंजिनिअर झाला, संगणकाची नोकरी धरली. मला वाटले, हौस होती, मुरली.

ती मुरली नव्हती. २०१६ च्या फेब्रुवारीत मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चे मोठे प्रदर्शन भरले होते. तिथे कॅप्टन अमोल यादव या मराठी वैमानिकाने स्वतः बांधलेले सहा आसनांचे विमान मांडले होते. आणि ते बांधले कुठे? तर कांदिवलीला चारकोपमध्ये, राहत्या इमारतीच्या गच्चीवर! ज्या गच्चीवर तुम्ही-आम्ही पापड वाळत घालतो, तिथे या गृहस्थाने विमान उभे केले. मग ते सुटे करून खाली उतरवले आणि प्रदर्शनात नेले. यापूर्वीचे त्यांचे दोन प्रयत्न तडीस गेले नव्हते, हा तिसरा. म्हणून विमानाचे नावही टीएसी-००३. आमच्या चिरंजीवांनी त्या बातमीचे कात्रण पाकिटात घालून ठेवले होते, हे मला फार उशिरा कळले.

विमान बांधणे एक वेळ सोपे म्हणावे, पण त्याला उडायची परवानगी मिळवणे कठीण. नागरी विमान वाहतुकीच्या खात्यात त्याची नोंद २०१७ च्या नोव्हेंबरात झाली आणि व्हीटी-एनएमडी ही अक्षरे त्याला मिळाली. भारतात नोंदलेल्या प्रत्येक नागरी विमानाच्या अंगावर व्हीटीने सुरू होणारी अशी अक्षरे असतात. उडण्याचा परवाना आला २०१९ साली. आणि २०२० साली ते विमान हवेत गेले ते कुठून म्हणता? आमच्या धुळ्याहून! गोंदूरच्या धावपट्टीवरून! ज्या धुळ्यात अण्णांनी आयुष्यभर जमिनीवरच्या पाट्या रंगवल्या, तिथून गच्चीवर जन्मलेले विमान उडाले, याचा मला असा अभिमान वाटला की जणू धावपट्टी मीच झाडून दिली होती.

त्याच २०२० साली घरबसल्या काम करण्याच्या सोयीमुळे मुलगा जळगावला परतला. दिवसा संगणकावर काम करी आणि रात्री गच्चीवरच्या खोलीत खुडबुड करी. काही दिवसांनी पाहतो, तर तिथे विमानाचा सांगाडा! खरे, माणसे नेणारे नव्हे. जमिनीवरून यंत्राने चालवायचे. पण खेळणेही म्हणता येणार नाही. पंखांची लांबी या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन मीटर. बाल्सा नावाचे हलके लाकूड, थोडा प्लायवूड, आणि पंखांवर पातळ मलमल.

"कापड?" मी विचारले. "विमानाला?"

"राइट बंधूंचं विमानही कापडाचंच होतं, बाबा. १९०३ साली. साधी सुती मलमल, तीही बिनरंगाची. जे. आर. डी. टाटांनी १९३२ साली कराचीहून मुंबईला टपाल आणलं, त्या पुस मॉथच्या अंगावरही कापडच होतं."

ज्यांना पूर्वी पूर्व खानदेश आणि पश्चिम खानदेश म्हणत, त्या आमच्या दोन जिल्ह्यांत कापूस म्हणजे घरचा माणूस. तो पंख लावून उडालेला आहे हे मला कुणी सांगितलेच नव्हते!

त्या कापडाला 'डोप' नावाचे एक द्रावण लावतात. त्याने कापड आक्रसते आणि नगाऱ्यासारखे ताणून बसते. त्यातून हवाही जात नाही. मोठ्या विमानांच्या कापडाला त्यावर अॅल्युमिनियमच्या भुकटीचा रुपेरी हात देतात, कारण उन्हाने कापड कुजते. आणि मग शोभेचा रंग. जुन्या काळी या डोपमध्ये अमाइल अॅसिटेट नावाचा द्राव असे आणि त्याला पिकल्या केळ्याचा वास येई. मुलाच्या बाटलीलाही काहीसा तसाच वास होता. दुसऱ्या गावात शेजारी दचकले असते. जळगावात केळ्याच्या वासाला कोण दचकणार! शेजारच्या वहिनींनी फक्त एवढेच विचारले, "भाऊजी, घड उतरवला वाटतं?"

विमान तयार होत आले तेव्हा २०२१ चा सप्टेंबर सरत होता. त्या वर्षी दसरा १५ ऑक्टोबरला आला होता, आणि टाटांचे ते उड्डाणही १५ ऑक्टोबरचेच. त्याच दिवशी आपले विमान उडवायचे असे मुलाच्या मनात होते. रंग तेवढा राहिला होता. आणि नेमके त्याच वेळी त्याचे कचेरीचे काम वाढले.

"मी रंगवतो," मी म्हणालो.

तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "चालेल. पण हलका हात ठेवा, बाबा."

हलका हात! पाटीवाल्याच्या मुलाला हलका हात शिकवतो! मी अण्णांचे कुंचले काढले. लाकडाच्या सांध्यांत लांबी भरली, पॉलिश पेपरने घासून गुळगुळीत केली. मग अस्तर मारले. मग चकचकीत लाल एनॅमलचे, नियमाप्रमाणे, तीन हात दिले. शेपटीवर तर माझे विशेष लक्ष. तिथे नक्षी काढली, सोनेरी काठ दिला. आठ दिवस मी जेवायलासुद्धा दोन हाका मारल्याशिवाय खाली उतरलो नाही. रंग असा बसला की त्यात तोंड दिसावे. मुलाने येऊन पाहिले, विमानाभोवती एक फेरी घातली, शेपटीशी जरा रेंगाळला. "सुंदर झालंय," एवढेच म्हणाला.

दसऱ्याला विमान पाटावर ठेवून पूजा केली. झेंडूचा हार, आपट्याची पाने, सगळे यथासांग. पण उड्डाण काही झाले नाही. वारा फार आहे, असे तो म्हणाला. अंगणातल्या झेंडूचे पानसुद्धा हलत नव्हते.

संध्याकाळी हार काढायला गेलो आणि विमान उचलले, तर नाक खाली ओढले गेले. नाकाखाली बॅटरीचे एक झाकण होते. ते उघडून पाहिले. आत शिशाचे तुकडे ओळीने चिकटवलेले होते. मोटारीच्या चाकांचा तोल साधायला टायरवाले वापरतात तसले.

रात्री मी विचारले, "हे काय रे?"

"शिसं आहे. तोल साधायला."

"आधी होतं?"

"नाही."

"मग आता का लागलं?"

तो गप्प. मग म्हणाला, "शेपटीकडे रंग थोडा जास्त झाला."

कोपऱ्यावरच्या वाण्याकडे त्याने विमान दोनदा वजन करून आणले होते. वहीत नोंद होती. रंगाआधी तीन किलो शंभर ग्रॅम. रंगानंतर तीन किलो सहाशे चाळीस. आणि शिसे घातल्यावर तीन किलो नऊशे वीस. माझ्या प्रेमाचे वजन पाचशे चाळीस ग्रॅम होते, आणि ते मला कळू नये म्हणून त्याने वर दोनशे ऐंशी ग्रॅम शिसे घातले होते.

"उडेल का?" मी विचारले.

"उडेल."

"मग अडचण काय?"

"उतरताना जोरात उतरेल. वजन वाढलं की हवेत तरून राहायला वेगही जास्त लागतो."

"हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही आठ दिवस इतकं मनापासून करत होता..." तो पुढे बोलला नाही.

मला एकदम ते जुने जेवण आठवले, ती आमटी आणि तो 'बघू'. तेव्हाही याने असेच केले असेल. आपल्या मनाचे नाक शिशाने जड करून सरळ उभा राहिला असेल, आणि मी म्हटले, हौस मुरली.

सकाळी मीच म्हणालो, "काढू या सगळा रंग."

कापडावरचा एनॅमल निघत नाही. कापडच फाडावे लागले. लाकूड घासून घासून पुन्हा उघडे केले. ते काम करता करता तो मला एकेक गोष्ट सांगू लागला. आधी विचारली असती तर आधीही सांगितली असती. घरी विमान बांधणाऱ्यांचा अमेरिकेत १९५३ पासून मोठा संघ आहे. त्यांतले अनेक जण विमान स्वतःच रंगवतात, कारण कारखान्यातून रंगवून घ्यायला फार पैसे पडतात. पण रंगाचा डबा उघडण्याआधी ते तराजू काढतात. दोन माणसांच्या लहान विमानावर नेटका रंग दिला तरी दहा-बारा किलो सहज भरतो. ढिसाळ हाताने तो दुप्पट व्हायला वेळ लागत नाही. वजनापेक्षाही ते कुठे बसते हे महत्त्वाचे. शेपटी नाकापासून लांब, म्हणून तिच्यावरचा एक तोळा पुढच्या कित्येक तोळ्यांना भारी. तराजूच्या लांब दांडीसारखेच. पंखांच्या आणि शेपटीच्या मागे ज्या हलत्या फळ्या असतात, त्या तर रंगवल्यावर काढून पुन्हा तोलून पाहाव्या लागतात. तोल बिघडला तर भर वेगात त्या वाऱ्यात फडफडू लागतात, आणि ती फडफड विमान मोडूही शकते. रेझिन आणि काचतंतूंची विमाने बहुधा पांढरी दिसतात, तीही शोभेसाठी नव्हे. गडद रंग उन्हात तापतो आणि रेझिन मऊ पडते.

"अमेरिकेच्या अंतराळयानाची ती मोठी टाकी आठवते?" त्याने विचारले. "१९८१ साली पहिल्या दोन उड्डाणांना ती पांढरी रंगवली होती. १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून रंग देणंच सोडून दिलं. सुमारे दोनशे सत्तर किलो वाचले."

मी हातातल्या पॉलिश पेपरकडे पाहिले. एवढ्या मोठ्यांची चूक झाली होती म्हटल्यावर मला जरा बरे वाटले.

या खेपेला रंग फवाऱ्याने द्यायचा ठरला. पहाटे, धूळ बसलेली असताना, गच्चीवरच्या खोलीत आधी सडा शिंपडल्यासारखे पाणी मारायचे, म्हणजे उरलेली धूळ उठत नाही. तोंडाला मुखवटा. मोठ्या विमानांना वापरतात तो दोन भाग एकत्र करून होणारा रंग तर फुप्फुसांना फारच वाईट. त्याला बाहेरची ताजी हवा नळीने पुरवणारा मुखवटा लागतो. आमचा रंग साधा होता, तरी मुलाने मला मुखवट्याशिवाय आत घेतले नाही. खरी अडचण निराळीच निघाली. दिवाळी तोंडावर आलेली, खाली चकल्या आणि शेव. तळणाचा धूर जिन्याने वर येई, आणि तेलकट झालेल्या अंगावर रंग धरत नाही. शेवटी सौभाग्यवतीशी तह झाला: सकाळी सातपर्यंत विमान, सातनंतर कढई.

रंग कोणता, यावर मात्र माझी पाटीवाल्याची अक्कल प्रथमच उपयोगी पडली. मुलगा म्हणाला, "विमान लांब गेलं की आकाशात नुसतं काळं दिसतं. येतंय की जातंय, सुलटं आहे की उलटं, कळत नाही. तिथेच घोटाळे होतात."

आणि मला अण्णांच्या नियमाचा दुसरा अर्धा भाग आठवला. पाटी पुरी झाली की ते रस्ता ओलांडून पलीकडे जात आणि तिथून पाहत. "पाटी दुकानदारासाठी नसते रे," ते म्हणत, "रस्त्यानं जाणाऱ्यासाठी असते. त्याला एका नजरेत कळलं पाहिजे." मी त्यांचे तीन हात लक्षात ठेवले होते, रस्ता ओलांडणे विसरलो होतो.

मग मी गच्चीच्या पार दुसऱ्या टोकाला उभा राहिलो आणि कागदाचे पट्टे पंखांवर ठेवून पाहू लागलो. वरून सगळे पिवळे. खालून पांढरे, आणि त्यावर दोन रुंद काळे पट्टे, तेही फक्त पंखांच्या टोकांकडे. पातळ एकच हात. शेपटी जवळजवळ उघडी. मुलाने फवारले, मी चिकटपट्ट्या लावल्या आणि काढल्या. वाण्याच्या काट्यावर तीन किलो एकशे ऐंशी ग्रॅम भरले. कुंचला एकदाच उचलला. नाकाजवळ बोटाच्या पेराएवढ्या अक्षरांत 'अण्णा' लिहिले. "याचं वजन?" मी विचारले. "ते धरू नका," तो म्हणाला.

पाडव्याच्या पहाटे धरणगावच्या रस्त्याला, विमानतळापासून चांगले लांब, एका ओळखीच्यांच्या मका निघालेल्या शेतात आम्ही गेलो. आदल्या रात्रीच्या फटाक्यांचा धूर विरला होता. विमान थोडे धावले आणि उठले, असे उठले की मी 'अरे' म्हणायच्या आत बांधावरच्या बाभळीच्या वर गेले. मुलाची नजर वर, दोन्ही हात यंत्रावर. सूर्य समोर आला तेव्हा तो ओरडला, "बाबा, काय दिसतंय?"

"काळे पट्टे! खालची बाजू! डावीकडे वळतंय!"

"आता?"

"पिवळं! पाठ आपल्याकडे!"

आयुष्यात मी पुष्कळ रंग दिला, पण दिलेला रंग असा मोठ्याने वाचून दाखवायची पाळी पहिल्यांदाच आली. सहा-सात मिनिटांनी ते ढेकळांवर दोन उड्या मारून थांबले. काही मोडले नाही.

घरी ओवाळणीला उशीर झाला म्हणून जे ऐकायचे ते आम्ही दोघांनी मिळून ऐकले. येताना गाडीत मी त्याला विचारले होते, "गोंदूरला ते विमान शिकवतात ना, आता फी किती असते रे?"

बराच वेळ तो रस्त्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "चौकशी करतो."

त्याने चौकशी केली. आकडा सांगितला. मी पुन्हा मनात व्याज मोजले, पण या वेळी ते मोठ्याने मोजले. तोही मोजू लागला. आम्हा दोघांना मिळून ते परवडत नाही हे एका संध्याकाळी, चहा पिता पिता, दोघांनाही समजले. वाईट वाटलेच. तो अजून संगणकावरच काम करतो आणि रविवारी विमान उडवतो. मी खालून पट्टे वाचतो. पण त्या दसऱ्यापासून आमच्या घरी एक फरक पडला आहे. कशाचे वजन किती, हे तो आता मला वेळेवर सांगतो.

आणि पाण्याची टाकी मी यंदा एकाच हाताने रंगवली.